मागून आणलेलं झबलं

मी त्या घरी बारशाला गेले ती आशीर्वाद द्यायला नव्हे. चांगली इरकल नेसले, केसांत मल्लेश्वरमच्या बाजारातला गजरा माळला, पिशवीत नारळ टाकला, आणि मेट्रोत बसल्यापासून एकच विचार करत होते, की त्या बाईला चारचौघांत कोणत्या शब्दांत झोडायचं. राग आला की माझ्या तळहातांना घाम येतो. त्या दिवशी पिशवीचे बंद ओले झाले होते.

राग एका झबल्याचा होता. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण आधी ऐकून घ्यावं.

आमचं मूळ निपाणीकडचं. लग्न होऊन मी बेंगळुरूला आले आणि इथलीच झाले. आता स्वप्नातसुद्धा भाजीवाल्याशी कन्नडात बोलते. पण आमच्या माहेरच्या बायकांची एक रीत मी इथेही सोडली नाही. जन्मलेल्या बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालायचं नाही. जुनं घालायचं, तेही दुसऱ्याचं, जगल्यावाढलेल्या मुलाच्या अंगावरचं, आणि तेही मागून आणलेलं. विकत घेतलेलं चालत नाही, न विचारता उचललेलं तर मुळीच नाही. आणि मागायला आलेल्या बाईला कुणी नाही म्हणत नाही. वैर असलं तरी.

आमच्या गोतावळ्यात यासाठी एक मलमलचं झबलं होतं. माझ्या अंगावर ते होतं, माझ्या भावंडांच्या होतं, माझ्या लेकीच्या होतं. कुणाला दिवस गेले की चौकशी व्हायची, झबलं सध्या कुणाकडे आहे? मग ती बाई जिच्याकडे असेल तिच्या दारात जाऊन पदर पसरायची. काम झालं की झबलं धुऊन, चिमूटभर साखरेबरोबर परत. मूळचं पांढरं, पण धुऊन धुऊन त्याला चहाची साय असते तसा रंग आला होता. हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटायचं नाही इतकं मऊ. त्याचा एक बंद तुटला तेव्हा पांढरा दोरा सापडेना म्हणून मी तांबड्या दोऱ्यानं शिवला होता. तो तांबडा टाका तसाच राहिला.

माझ्या लेकीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ती आणि जावई दोघंही कॉम्प्युटरवाले. पहिल्या खेपेला तिनं ऑनलाइन सगळं नवं मागवलं, टोप्या, मोजे, हत्तींची चित्रं असलेली दुपटी. मी झबल्याचं नाव काढलं तर म्हणाली, "आई, असलं काही नसतं गं." ते बाळ राहिलं नाही. झबल्यामुळे राहिलं नाही असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. ती नवी दुपटी मी एका पिशवीत भरून तिच्या नकळत देऊन टाकली.

पण त्यानंतर माझी लेक बदलली. ही पोरगी लहानपणापासून तोंडाळ. रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडणारी, नळ दुरुस्त न करता जाणाऱ्या माणसाला जिन्यातून परत बोलावणारी. ती एकाएकी सगळ्याला "बरं" म्हणायला लागली. काही विचारलं की "बरं". जेवतेस का, बरं. डॉक्टर बदलू या का, बरं. मला ते "बरं" ऐकवेना.

दुसऱ्या खेपेला सातवा लागला तेव्हा एक दिवस ती आपणहून म्हणाली, "आई, ते झबलं सध्या कुणाकडे आहे?"

ते संकेश्वरला होतं, माझ्या चुलत बहिणीकडे. मी बसनं गेले, तिच्या उंबऱ्यात उभी राहून पदर पसरला, आणि घेऊन आले.

नात घाईनं आली. दिवस भरायच्या आधीच. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आम्ही पेटीच्या छिद्रातून बोट घालून तिच्या तळव्याला लावायचो, तेवढाच आमचा तिच्याशी संबंध. मग ती जरा सावरली आणि तिला शेजारच्या खोलीत आणलं. तिथे आया आपापल्या बाळाला छातीशी धरून बसायच्या. तिथली सिस्टर मोठी मायाळू. मी तिला कन्नडात झबल्याची हकिगत सांगितली, तर ती हसली नाही. म्हणाली, "सरी अम्मा, ठीक आहे. आमच्या कपड्यांबरोबर उकळून, निर्जंतुक करून देते. उद्यापासून घालू." लेकीनं ते ऐकलं आणि कित्येक महिन्यांनी मला तिच्या तोंडावर काहीतरी हललेलं दिसलं. मला वाटलं, चला, आता गाडी रुळावर येईल.

त्याच खोलीत ती बाई होती, पुण्याची.

तिच्या बाळाला नुसती कावीळ झाली होती. निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, बाकी गुटगुटीत. नवरा व्हाइटफील्डकडे कुठल्याशा कंपनीत, आणि घर त्याही पलीकडे, होसकोटेच्या बाजूला नव्या उंच इमारतींत. मराठी ऐकून तीच आमच्याशी बोलायला आली. गोड बोलायची, मला काकू काकू करायची. आणि बोलता बोलता पिशवी भरायची. खुर्चीखाली तिची एक निळी पिशवी असायची. सिस्टर आत गेली की शेल्फवरचा कापूस पिशवीत, डायपरचं पाकीट पिशवीत, हात धुण्याची बाटली पिशवीत. "सिस्टर, डायपर संपले," असं म्हणायची आणि सिस्टर नवं पाकीट द्यायची. तेही पिशवीत. बाळांना दूध पाजायची स्टीलची बोंडली असतात ना, चोचवाली, तीसुद्धा एकेक करून गेली.

"काकू, लाजू नका," ती मला म्हणाली, "सगळं पॅकेजमध्ये आहे. आपण नाही घेतलं तर ते फेकणारच आहेत. ताईंना पण सांगा, बॅग भरायला घ्या."

माझ्या लेकीनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

पुण्याचीला घरी सोडलं त्या दिवशी ती जाताना सगळ्यांना भेटली. माझ्या पाया पडली. "बारशाला नक्की या हं काकू," म्हणत फोनवर पत्ता पाठवला, नकाशासकट. ती गेली आणि थोड्या वेळानं सिस्टर शेल्फपाशी आली, खालचा कप्पा पाहिला, वरचा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. आमचं झबलं उकळून, घडी होऊन सकाळीच त्या शेल्फवर आलं होतं. हॉस्पिटलच्या बाळशर्टांच्या चळतीवर ठेवलं होतं. आता झबलं नव्हतं आणि चळतही नव्हती.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "अवरु तगोंडु होद्रु." त्यांनी उचलून नेलं.

माझ्या लेकीला एवढं कन्नड कळतं. दूध काढायचं यंत्र तिनं छातीवरून काढून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दूध जेमतेम बाटलीचा तळ झाकेल एवढं आलं. डॉक्टर म्हणाले, आईनं मन शांत ठेवायला हवं. मला त्या डॉक्टरांचंही डोकं फोडावंसं वाटलं.

मी फोन लावला. पुण्याची म्हणाली, "अय्या, हो का काकू? असेल कुठेतरी सामानात, बघते हं." मग फोन उचलेना. मेसेज टाकला तर दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर नाही. पुन्हा टाकला, पुन्हा खुणा. माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, एक फडकं तर होतं." या माणसानं आयुष्यभर "जाऊ दे" एवढा एकच सल्ला दिला आहे. मी त्याला दोन दिवस आमटी अळणी वाढली.

हॉस्पिटलात लेक नुसती पडून असायची. बाळाला छातीशी धरायची, पण हात सैल. मी तिच्या केसांतून कंगवा फिरवत होते तेव्हा भिंतीकडे बघतच म्हणाली, "आई, ते आण."

"आणते," मी म्हटलं.

म्हणून मी बारशाला निघाले होते. मॅजेस्टिकला गाडी बदलली. गर्दीत एका बाईनं मला बसायला जागा दिली आणि विचारलं, "समारंभाला का?" मी हो म्हटलं. शेवटच्या स्टेशनवर रिक्षा केली. रिक्षावाला इमारतीच्या फाटकाशी थांबून वॉचमनला नाव सांगेपर्यंत म्हणत होता, "स्वल्प तडी अम्मा, स्वल्प तडी." मी थांबायच्या मनःस्थितीत नव्हते. वाटेत मी शब्द जुळवले होते. चोर, भुरटी, निर्लज्ज, असे साधे शब्द आधी आणि मग खास निपाणीकडचे.

दार फुलांनी सजवलं होतं. आत फुग्यांची कमान, पाळण्याला झेंडूच्या माळा, फोटोवाला, बऱ्याच बायका. बाळ पाळण्यात होतं, पैठणीच्या अंगड्या-टोपड्यात. पुण्याहून मुद्दाम शिवून आणलेलं, असं माझ्या शेजारच्या बाईनं न विचारता सांगितलं. जांभळी पैठणी, काठावर मोर. आणि पाळण्याजवळच्या चौरंगावर हळद, कुंकू आणि अक्षता मांडल्या होत्या, तीन चोचवाल्या स्टीलच्या बोंडल्यांत.

मी ती ओळखली. माझ्या नातीला त्यांतल्याच एकातून थेंब थेंब दूध पाजत होते. नंतर सिस्टर शोधत होती आणि सापडत नव्हतं. माझ्या डोक्यात सणक गेली. तरी कुंकू लावून घेतलं, त्याच बोंडल्यातलं.

पुण्याची मला बघून जरा दचकली, मग धावत आली. "काकू! आलात! किती छान वाटलं. ताई कशा आहेत?"

"झबलं दे," मी म्हटलं.

"कुठलं?" ती म्हणाली. मग आठवलं. "ते? ते जुनं? अहो काकू, ते तुमचं होतं का? मला वाटलं हॉस्पिटलचंच. घरी येऊन बॅग उघडली तर हे एवढं जुनाट, पिवळं पडलेलं. मी इतकी चिडले ना. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात असले कपडे घालतात बाळांना? मी तर रिव्ह्यूसुद्धा लिहिला." आणि तिनं मला फोन दाखवला.

त्या रिव्ह्यूखाली फोटो होता. माझं झबलं कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर पसरलेलं. एक बाही डब्याच्या आत गेली होती. तांबड्या दोऱ्याचा टाका स्पष्ट दिसत होता.

"मग कुठे आहे?"

"टाकलं ना काकू, तेव्हाच. सॉरी हं. पण खरंच फार जुनं होतं."

मी फोन केला त्या पहिल्याच दिवशी तिला माहीत होतं की ते टाकलंय. तरी "बघते हं" म्हणाली होती. चोरलं ते चोरलं, आणि वर नको म्हणून टाकलं. नको होतं तर शेल्फवर राहू द्यायचं होतं. ते माझ्या नातीच्या अंगावर असतं आणि माझी लेक जेवली असती. मला त्या क्षणी तिच्या झिंज्या धरून तिला त्या कमानीतून फिरवायची इच्छा झाली, हे मी जसंच्या तसं सांगते आहे.

पण मी जुळवलेला एकही शब्द वापरला नाही. भांडले असते तर ती रडली असती, आणि बारशाच्या दिवशी बाळंतिणीला रडवणारी मीच वाईट ठरले असते. सगळ्या बायका तिच्या भोवती जमल्या असत्या आणि मला पाणी देऊन बाहेर घालवलं असतं. मी तिला रडायची सोय ठेवणार नव्हते.

मी पाळण्यापाशी गेले. तिच्या आईला वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, माझी नात अजून हॉस्पिटलात आहे. तिच्यासाठी मागायला आले आहे. आमच्यात जगल्यावाढलेल्या बाळाच्या अंगावरचं कापड मागून नेतात, आणि मागायला आलेल्या बाईला कुणी नाही म्हणत नाही." आणि मी पदर पसरला. "तुमच्या नातवाच्या अंगावर आत्ता जे आहे ते मला द्या."

पुण्याची म्हणाली, "अहो काकू, दुसरं देते ना, खूप आहेत."

"अंगावरचंच लागतं गं," मी अगदी गोड आवाजात म्हटलं. तिच्याच आवाजात.

कोपऱ्यात सोफ्यावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, तिच्या सासरच्या कुणीतरी. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. आमच्या सोलापूरकडेही असंच आहे. काढून दे गं, असं मागणं आलं की मोडू नये. आपल्याच बाळाचं भलं असतं." दुसरी म्हणाली, "हो हो, आमच्याकडेही." तिसरीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. पुण्याचीच्या आईलाही रीत ठाऊक असणार, कारण ती नुसती पैठणीच्या काठाकडे बघत होती. मग तिनं सुस्कारा सोडला आणि लेकीला म्हणाली, "दे."

पुण्याचीनं स्वतःच्या हातानं बंद सोडले. टोपडं काढलं, अंगडं काढलं. बाळानं भोकाड पसरलं. तिकडे आत्या पाळण्यापाशी नाव सांगायला वाकून तयार, फोटोवाला घाई करतोय, आणि बाळ डायपरवर. तिची आई आत धावली आणि कपाटातलं हाताला लागलं ते पहिलं धुतलेलं घेऊन आली. तो हॉस्पिटलचा बाळशर्ट होता. पांढरा, निळ्या काठाचा, आणि छातीवर ठळक अक्षरांत हॉस्पिटलचं नाव.

"अगं हा कशाला!" पुण्याची म्हणाली.

"राहू दे की," मी म्हटलं, "मऊ असतो. आम्हाला माहीत आहे."

बाळ इतकं रडत होतं की पुन्हा कपडे बदलायचा कुणाचाच धीर झाला नाही. त्याच शर्टात त्याच्या कानात नाव सांगितलं गेलं, त्याच शर्टात तो पाळण्यात झुलला, आणि त्याच शर्टात त्याचे सगळे फोटो निघाले. आजोबांच्या मांडीवर, मामाच्या हातात, फुग्यांच्या कमानीखाली, आणि प्रत्येक फोटोत छातीवर हॉस्पिटलचं नाव. एका पाहुणीनं विचारलंच, "हा शर्ट हॉस्पिटलनं दिला का गं?" पुण्याचीनं माझ्याकडे पाहिलं. मी पेढा खात होते. चांगला होता, दुसरा मागून घेतला.

येताना नारळ मात्र पाळण्याशी ठेवून आले. बाळाशी माझं काही वैर नव्हतं.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा लेक बाळाला घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "मिळालं?"

खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, "नाही. तिनं ते कचऱ्यात टाकलं."

तिचा हात बाळाच्या पाठीवरून खाली घसरला. मी घाबरले. घाईघाईनं पिशवीतून अंगडं-टोपडं काढून तिच्या मांडीवर टाकलं.

"हे काय?"

"वसुली," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. बोंडल्यांतलं कुंकू, फोन, पदर, सोलापूरच्या बाई. सांगता सांगता शर्टापाशी आले तेव्हा तिनं मान वर केली.

"थांब. हॉस्पिटलचा शर्ट? नाव लिहिलेला?"

"छातीवर."

"फोटोत?"

"सगळ्यांत."

आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं रडते आहे. मग आवाज आला. ती हसत होती. पोटावरचे टाके एका हातानं दाबून धरले होते, दुसऱ्या हातात बाळ, आणि हसत होती. सिस्टर धावत आली, तिला मी कन्नडात सांगितलं, तर तीही तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. लेक डोळे पुसत म्हणाली, "आई, परत सांग. ती शर्ट बघून नक्की काय म्हणाली? तिच्या आवाजात सांग."

मी परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत. दूध त्या क्षणी वाढलं असं मी म्हणणार नाही, तसं काही होत नसतं. पण त्या संध्याकाळी ती जेवली, आणि भात कच्चा आहे म्हणून डबा आणणाऱ्या जावयावर खेकसली. बिचारा जावई माझ्याकडे बघत राहिला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

पैठणी बाळाला बोचली असती. लेकीनंच युक्ती काढली. आतलं अस्तर मलमलचं होतं. "अंगाला ते लागलं होतं, पैठणी नव्हे," ती म्हणाली. आम्ही ब्लेडनं उसवून अस्तर सोडवलं, आणि मी त्याचं मुठीएवढं झबलं शिवलं. एक बंद मुद्दाम तांबड्या दोऱ्यानं लावला. सिस्टरनं उकळून दिलं, पण या वेळी ते शेल्फवर ठेवलं नाही. लेक ते स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपायची. त्याच झबल्यात नात घरी आली.

उरलेल्या पैठणीचं काय करायचं, असं नवऱ्यानं विचारलं. त्याला वाटलं मी देवाला वस्त्र शिवीन. मी आत जुना टॉवेल भरून गरम भांडी धरायची दोन फडकी शिवली. मोर बरोबर अंगठ्याखाली येतो. दुधाचं पातेलं उतरवताना मला रोज समाधान वाटायचं, आणि अजून वाटतं.

नात रांगायला लागली होती तेव्हा एका दुपारी दारात पुण्याची उभी. एकटीच. तोंड उतरलेलं. "काकू, येऊ का?"

मी तिला आत घेतलं. तिच्या भावजयीला मुलगी झाली होती, पुण्यात. अशक्त होती, पेटीत ठेवली होती. पुण्याचीच्या आईनं तिला फोन करून सांगितलं होतं, त्या मल्लेश्वरमच्या बाईंकडे जा आणि मागून आण. हे सगळं ती एकदम बोलली नाही. आधी माझ्या नातीला बघून गोड आहे म्हणाली, मग हवा काय, मग मेट्रो किती सोपी. मी म्हटलं, चहा टाकते.

पाहुण्याला चहा कपात ओतून, ट्रेमधून आणतात. मी पातेलं तसंच बाहेर आणलं, त्या फडक्यांनी धरून, आणि तिच्यासमोर उभं राहून तिच्या कपात ओतलं. सावकाश. मोर तिच्या नाकासमोर होता, हळदीचे आणि तेलाचे डाग पडलेला. तिनं पाहिला. ओळखला. मान खाली घातली आणि चहा घेतला.

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग ती म्हणाली, "काकू, नातीच्या अंगावरचं झबलं द्याल का?"

"कुठलं?" मी म्हटलं. "ते जुनं?"

तिचे डोळे भरून आले. पण ती माझी नजर चुकवत नव्हती. "हो काकू. ते जुनं." आणि तिनं ओढणीचं टोक पुढे पसरलं. पदर नव्हता, म्हणून ओढणी.

तिला हात हलवत परत पाठवायची माझी फार इच्छा होती. पण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही, हे मी तिच्याच घरात, तिच्याच पाहुण्यांपुढे मोठ्यानं सांगितलं होतं. आणि पुण्यात त्या काचेच्या छिद्रातून कुणीतरी बोट घालून बसलं होतं. मी लेकीकडे पाहिलं. ती आत गेली आणि झबलं घेऊन आली. धुऊन धुऊन ते आता बरंच मऊ झालं होतं. तिनं ते ओढणीत ठेवलं, पण हात लगेच सोडला नाही.

"हे आमचं आहे," लेक म्हणाली. "हॉस्पिटलचं नाही. काम झालं की धुऊन परत आणायचं."

"आणीन," पुण्याची म्हणाली.

"टाकायचं नाही."

"नाही ताई."

तेव्हा लेकीनं हात सोडला. पुण्याचीनं झबलं पर्समध्ये टाकलं नाही. ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं आणि जिना उतरली.

दार लावून मी पातेलं उचललं. लेक खिडकीतून खाली बघत होती, ती रिक्षात बसेपर्यंत.

"तिनं परत आणलं नाही तर?" तिनं विचारलं.

"पत्ता आहे की माझ्याकडे. नकाशासकट."

"मला पाठवून ठेव," लेक म्हणाली, आणि नातीला कडेवर घेतलं. "या वेळी मी जाणार."